उभीच हायेस तं

समताने टेबलाचा चौथा पाय ओढला, खटका बसल्याचा आवाज ऐकला आणि फळी कोपराच्या उंचीला आणून लॅपटॉप तिच्यावर ठेवला. सव्वाअकरा झाले होते. साडेअकराला लॅपटॉपवरून कंपनीच्या ग्राहकांशी बोलायचं होतं. समोरच्या खोलीतून बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या करकरत होत्या, म्हणजे सासरे जागेवर होते. तिने मधलं दार लोटलं. ते दार लोटलं तरी पुन्हा बोटभर उघडायचं, म्हणून आज तिने त्याच्याखाली चप्पल सारली.

हे घडीचं टेबल येऊन सव्वा महिना झाला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरून सांगितलं होतं, की कमरेची गादी सरकली आहे, अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, काम उभ्यानं करा. तिने टेबल मागवलं. ते धामणगावात पोचलं त्या दिवशी किसनराव, तिचे सासरे, खूप हसले होते. ते एस.टी.त कंडक्टर होते.

"तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली आमी. कोणी टेबल नाई देल्लं."

हसेनात का. हसण्याने तिचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. ती खुर्चीवर बसून काम करायची तेव्हा घरात कोणी हाक मारत नसे; किसनराव तर खोकलासुद्धा दाबत. टेबल आलं, ती उभी राहिली, आणि त्याच दिवसापासून ती साऱ्या घराला रिकामी दिसू लागली. उभीच हायेस तं मोटर बंद कर. उभीच हायेस तं दार पाह्य, कोण आलं. उभीच हायेस तं माहा चष्मा दे. चष्मा बंगईपासून हातभर अंतरावर, खिडकीत. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. अश्वजित मोताळ्याच्या शाळेवर मास्तर. तोही दिवसभर वर्गात उभाच असतो, पण त्याला तिथे कोणी मोटर बंद करायला सांगत नाही.

"दोन मिनिटाचं तं काम राह्यते," तो म्हणाला होता.

मागच्या गुरुवारी असंच दोन मिनिटांचं काम निघालं. दूध उतू जात होतं, बंगईवरून हाक आली, ती धावली, आणि पलीकडच्या ग्राहकांनी चार मिनिटं नुसती भिंत पाहिली. संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातून तिच्या साहेबांचा, शेखर सरांचा, फोन आला. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. घरून जमत नसेल तर एक तारखेपासून पुण्याला या, नाहीतर मला दुसरं माणूस पाहावं लागेल; पुढच्या गुरुवारी ग्राहकांना पुन्हा एकदा सॉफ्टवेअर दाखवा. ही कंबर घेऊन पुण्यात रोज दोन-दोन तास बसमध्ये बसणं तिच्याने होणार नव्हतं. म्हणजे आज बिघडलं की सहा वर्षांची नोकरी गेली. तिने हे जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं, दोनदा. किसनराव मान हलवत म्हणाले होते, "हाव हाव, गुरुवारी कोणी नाई बोलावत तुले."

साडेअकराला पडद्यावर सात चेहरे आले. समताने सुरुवात केली. नव्या सॉफ्टवेअरचा एकेक भाग उघडून ती समजावत गेली. दहा मिनिटं छान गेली. मग बाहेर मोटारसायकल थांबली.

"समता! शेषराव आले वं! उभीच हायेस तं चहा टाक दोन कप!"

सातही चेहरे थबकले. शेखर सर पुढे झुकले.

"समता, सगळं ठीक आहे ना?"

"हो सर. एकच मिनिट."

तिने माईक बंद केला, कॅमेरा बंद केला, पायाने चप्पल उडवली आणि दार उघडलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"बाबा, मी उभी हाये, रिकामी नाई! इकडं माही नोकरी चालली, अन् तुमाले चहा सुचते! इथून पुढं मले उभीच हायेस तं म्हणायचं नाई. कोणीच म्हणायचं नाई!"

बंगई थांबली. शेषराव, किसनरावांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर, चप्पल काढता काढता एका पायावर राहिले. सासऱ्यांसमोर एवढ्या मोठ्याने ती या घरात कधी बोलली नव्हती, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. अजून चार शब्द ओठावर होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई, जनकाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मी टाकते चहा. तू जाय."

समता पुन्हा टेबलापाशी आली आणि तिने माईक, कॅमेरा चालू केला. राग अजून अंगात होता आणि तो कामीच आला. आवाज कापला नाही, एकही शब्द अडला नाही. शेवटी प्रश्न सुरू झाले. ग्राहकांपैकी एकजण लांबलचक बोलत होता, आणि मघाच्या ओरडण्याने तिच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याची बाटली स्वयंपाकघरात राहिली होती. चप्पल पुन्हा लावायची राहून गेल्याने दार बोटभर उघडलं होतं. पलीकडे जनकाबाई रिकामा ट्रे छातीशी धरून, चौकटीला टेकून, आत काय चाललंय ते ऐकत होत्या. ग्राहक बोलत असेपर्यंत समताने माईक बंद ठेवला होता.

"आई, उभ्याच हायेत तं जरा पाणी देता?"

जनकाबाई गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. समताने दोन घोट घेतले. तिसरा घेताना आपण आत्ता काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. भांडं परत घ्यायला हात पुढे करून त्या उभ्या होत्या.

बाराला शेखर सर म्हणाले, "छान झालं. तुमचं घरूनच चालू राहू द्या."

समताने त्यांचे आभार मानले आणि लॅपटॉप मिटला. आनंद व्हायला हवा होता. कोपऱ्यात तिची जुनी प्लॅस्टिकची खुर्ची होती, सव्वा महिन्याचे इस्त्रीचे कपडे अंगावर घेऊन. तिने ते कपडे टेबलावर टाकले आणि खुर्ची ओढत स्वयंपाकघरात नेली. जनकाबाई ओट्याशी कप विसळत होत्या. एकदा डाव्या पायावर भार, एकदा उजव्या, आणि मधूनच ओली मूठ कमरेत. त्यांना असं करताना समता तीन वर्षं रोज पाहत होती.

"आई, बसा."

"काऊन?"

"कंबर दुखते ना तुमची."

"ते तं दुखतेच," जनकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा कप घेतला. "मी बसली तं भांडे कोण घाशीन?"

समताला पुन्हा राग आला. या वेळी त्यातला बराचसा स्वतःवर होता, आणि तो आधीच्यापेक्षा जास्त भाजत होता.

समोरच्या खोलीत बंगई पुन्हा करकरू लागली. किसनरावांचा आवाज आला, जपून, या वेळी सुनेला नव्हे तर बायकोला.

"अवं, उभीच असशीन तं अर्धा अर्धा कप आन अजून."

जनकाबाईंचा हात शेगडीकडे गेला.

"आई बसल्या हायेत, बाबा," समता मोठ्याने म्हणाली. "चहा पातेल्यात हाये. घेऊन जा तुमी."

बंगई थांबली. मग जमिनीवर चपला घासल्या.

जनकाबाई ओल्या हातांनी तशाच उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पावलं जवळ येत होती. सून खोटी पडायला नको म्हणून त्या घाईघाईने खुर्चीच्या कडेवर बसल्या.