वस्तऱ्याची पाठ

आल्विनेने दगडावर आणखी काही हात मारले, वस्तरा अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला. पातं नखात रुतायच्या ऐवजी सरळ घसरलं.

झोलिंगेन शहरातल्या कारखान्यात तिने उभा जन्म वस्तऱ्यांना धार लावली होती. नवऱ्याच्या एका वस्तऱ्यापुढे ती कधी हरेल, असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

नवरा, एवाल्ड, पलीकडच्या खोलीत पडून होता. फार तर रविवारपर्यंत, असं डॉक्टरने तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं. एवाल्डला कुणी काही बोललं नव्हतं, पण तो खुळा नव्हता. त्याने एकच मागणं मागितलं होतं. "इस्पितळातल्या त्या दाढीच्या यंत्राने माझी सोललेली कोंबडी केलीय. माझ्या वस्तऱ्याने, तुझ्या हाताने एकदा दाढी कर. मग मी जायला मोकळा."

हा वस्तरा लग्नाच्या वर्षी त्याने स्वतः चाकावर घासून घडवला होता आणि पाठीवर सोन्याच्या अक्षरांत तिचं नाव काढून घेतलं होतं. नाव झिजू नये म्हणून धार लावताना तो पाठीवर वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी लावायचा. आल्विने हसायची. "पाठ दुखते का रे त्याची?" कारखान्यात पट्टी कुणी लावत नसे. पाठ आणि धार जोडीनेच झिजायला हवी, असं तिच्या हाताला वळण पडलेलं. आजही तिने पट्टी न लावताच वस्तरा दगडावर ठेवला होता.

"अगं, धार लावतेस की नवा घडवतेस?" आतून आवाज आला.

"आले रे म्हाताऱ्या. पाणी तापतंय."

तिने दगडावर पाणी मारलं आणि जोर लावून घासायला लागली. असा जोर लावणाऱ्या पोरींना तिने कारखान्यात फैलावर घेतलं होतं. घासघास घासूनही नखाला पातं लागेना. शेवटी तिने ते खिडकीशी धरलं. चकाकी धारेच्या मागे आली होती, धार तशीच निस्तेज. इतकी वर्षं पट्टीने पाठ उचललेली, त्यामुळे धारेचा उतार जास्त उभा झाला होता. पट्टीशिवाय दगड धारेपर्यंत पोचतच नव्हता. एवढी साधी गोष्ट तिला कळू नये?

मग तिला दगडावरच्या करड्या चिखलात पिवळी रेघ दिसली. तिने वस्तरा उलटा केला. पाठीवर नाव नव्हतं. दोन अक्षरांची टोकं तेवढी उरली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तिने त्याच्या खणातून पट्टी काढून पाठीवर बसवली. चार हातांत धार आली, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

दाढी छान झाली. एवाल्डने गालावरून हात फिरवला, मग वस्तरा मागून घेतला आणि अंगठ्याने पाठ चाचपली.

"पट्टी? तू?" हसता हसता त्याला ठसका लागला. "जन्मभर माझी टर उडवलीस की गं. बरं, आता काढ ती. नाव बघू दे."

"राहू दे ना," आल्विने म्हणाली. "पुढच्या आठवड्यात परत धार लावायची, तेव्हा कुठे नवी चिकटवत बसू?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. आल्विनेला खोटं बोलता येत नाही, हे तो साऱ्या गल्लीला सांगत आला होता.

"पुढच्या आठवड्यात?" त्याने हळूच विचारलं. "डॉक्टर काही बोलला का तुला?"

पट्टी ओढून काढायची, नाहीतर हो म्हणायचं. तिला तिसरं काही सुचेना.

"बोलला की. उतार पडतोय म्हणाला."

एवाल्डच्या चेहऱ्यावर रंग चढला. इतके दिवस तो शांत पडून होता, सगळं आवरून घेतलेल्या माणसासारखा. आता तो कोपरावर जोर देऊन उठायला बघू लागला.

"मग आधी शेजारच्या ऑटोकडे जा. माझे चांगले बूट देऊन बसलोय त्याला. म्हणावं, एवाल्डला लागणार आहेत."

आल्विनेने कोट चढवला. जिन्यात तिला रडू फुटलं, पण ऑटोचं दार येईपर्यंत ते आवरायला हवं होतं.