एक सूर वर

माझ्या मावसभावाला बॅन्डमध्ये सगळे राजे म्हणत, आणि लेकाचा वागायचाही तसाच.

सासष्ट साली आम्ही चौघं टायरच्या दुकानामागच्या खोलीत रॉक वाजवायला लागलो. गाणी माझी, बास गिटार माझी. गळा आणि केस राजेंचे. ड्रमवर टायरवाला, दुसऱ्या गिटारवर एक शिंपी. वर्षभरात आम्ही कॉलेजांचे कार्यक्रम गाजवले, मग दर शनिवारी हॉटेलात वाजवू लागलो. पोरी राजेंच्या शर्टाची बटणं तोडून न्यायच्या. शिंपी बिचारा सोमवारी नवी लावून द्यायचा.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. राजेंचा गळा वर जात नसे. शिंप्याचा कान यथातथाच, म्हणून दोन्ही गिटारी मीच सुरात लावायचो, आणि गुपचूप एक सूर खाली लावायचो. राजेंना वाटायचं, आपण काय सहज वर पोचतो. भाऊ आहे म्हणून मी झाकून नेलं.

मग रेकॉर्ड कंपनीने चाचणीला बोलावलं. राजेंनी भरलेला फॉर्म माझ्या हाती पडला. ज्या गाण्यावर मी सात महिने डोकं फोडलं, त्याच्यापुढे गीतकार आणि संगीतकार म्हणून एकच नाव होतं, त्याचं.

"हे काय?"

"अरे, घरातलंच नाव ना? लोक चेहरा बघतात. तुला कोण ओळखतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी हसलो. म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

चाचणीच्या दिवशी मी गिटारी मन लावून लावल्या, जिथे असायला हव्यात तिथे. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. धृपदाला राजेंचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

काचेपलीकडचे साहेब बाहेर आले. "चाल कुणाची ही? माणसाला गाता येईल असं तरी बांधा."

राजेंनी घाम पुसला आणि माझ्याकडे बोट केलं. "याची. शब्द, चाल, सगळं याचंच."

साहेबांनी त्याचं नाव खोडून माझं लिहिलं, आणि खाली 'नापसंत' असा शेरा मारला. टायरवाला आणि शिंपी त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. बॅन्ड संपला.

राजेंनी गळा गेला म्हणून हाय खाल्ली. डॉक्टरांना घशात काही सापडेना. मावशीच्या सांगण्यावरून मीच त्याला घेऊन जायचो. तो आत तोंड उघडून बसे, मी बाहेर बाकावर. आजतागायत मी त्याला काही सांगितलेलं नाही.