चिमणीचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. म्हातारा म्हणा, खोका म्हणा, पिवळा पडलेला डबा म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही. छत्तीस वर्षं मी क्योतोच्या निशिजिन भागात रेशमाच्या एका मागाशेजारी उभा आहे. माझ्या पोटातून निघालेली जाड वायर मागाच्या डोक्यावरच्या पेटीत जाते. कोणते उभे धागे वर उचलायचे, हे मी एकेका ओळीला सांगतो, माग ते उचलतो आणि इत्सुएबाई आडव्या धाग्याचा धोटा फेकतात. असे ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचे रुंद पट्टे, आम्ही तिघांनी ते विकणाऱ्या पेढीसाठी किती विणले ते कुणी मोजलं नाही.

मी कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. तामेकिचींनी, म्हणजे इत्सुएबाईंच्या नवऱ्याने, मला दोन्ही हातांनी उचलून आत आणलं. ते नक्षीकार होते. पूर्वी चौकटीच्या कागदावर कुंचल्याने एकेक घर रंगवायचे, मग माझ्या पडद्यावर एकेक ठिपका मांडू लागले. शेजारचे विणकर हसायचे. "तामेकिचीसान, तुमच्या नव्या सुनेला रेशीम कळतं का हो?" तामेकिची म्हणायचे, "तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. तोंड बंद ठेवते ना!"

आमच्याकडे ओबी उलटा विणतात. चांगली बाजू खाली असते, म्हणून इत्सुएबाई मागाखाली आरसा धरून नक्षी बघतात. बांबूच्या फांदीवरच्या चिमण्यांची नक्षी पहिल्यांदा मागावर चढली, त्या दिवशी त्यांनी आरशात पाहिलं आणि धोटा खाली ठेवला.

"अहो, तुमची चिमणी मेलीय."

"मेलीय तर पुरून टाक. पेढीने मंजूर केलीय नक्षी."

"पेढीला काय, त्यांनी कागदावर पाहिलीय. डोळा बघा तिचा. भाजलेल्या माशाचा डोळा आहे हा."

तामेकिची चिडले, जेवले नाहीत. मग दोन दिवस माझ्यासमोर बसून त्यांनी डोळ्याभोवतीचे मोजके ठिपके इकडेतिकडे हलवले. तिसऱ्या दिवशी आरशातल्या चिमणीने इत्सुएबाईंकडे पाहिलं. खरंच पाहिलं! बाई एवढंच म्हणाल्या, "आता जेवा."

आता नीट ऐका, पुढचं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं. मंजूर नक्षीची प्रत फ्लॉपीवर लिहून पेढीकडे जायची, दुसरी घरच्या डब्यात राहायची. पण मंजुरीनंतर केलेली दुरुस्ती कुणीही फ्लॉपीवर लिहायचं नाही. आपली नक्षी आधी चुकली होती, हे कबूल कोण करणार? निशिजिनमध्ये नाक फार मोठं. म्हणून दुरुस्त्या फक्त माझ्या पोटातल्या हार्ड डिस्कवर राहायच्या. नवरा, बायको आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक.

मग तामेकिची गेले. माग थंडावला. मी पिवळा पडलो, माझ्या डोक्यावर रेशमाची रिकामी रिळं आणि औषधांची पाकिटं साठली. यंदा त्यांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध आलं. इत्सुएबाईंनी ठरवलं, देव्हाऱ्यासमोर अंथरायचं वस्त्र विणायचं ते त्यांच्याच चिमण्यांचं. त्यांनी रिळं उचलली, मला पुसलं, बटण दाबलं. माझी डिस्क किंचाळली. तिसऱ्या प्रयत्नाला मी कसाबसा जागा झालो.

बाईंनी पुतण्याला बोलावलं. हा दाइगो, ओसाकाला यंत्रांच्या दुरुस्तीत केस पांढरे झालेला. तो म्हणाला, "काकू, ही डिस्क आता आठवडाही काढणार नाही. हिच्या जागी मेमरी कार्ड बसवतो. पुढून थोडं कापावं लागेल."

हे अकुत्सुसानच्या कानावर गेलं. ते पेढीवरचे निवृत्त अधिकारी, आता जुने संगणक जमवतात. लगोलग आले.

"कापणार? याला? एक स्क्रूसुद्धा हलवू नका! असा मूळ अवस्थेतला आता मिळत नाही. मला द्या, काचेत ठेवतो."

"आणि विणायचं कशावर? तुमच्या काचेवर?" दाइगो म्हणाला.

"तुम्हा लोकांना फक्त काम दिसतं."

"आणि तुम्हाला फक्त डबा."

दोघे तासभर भांडले. एकाला मी देव हवा होतो, दुसऱ्याला हमाल. इत्सुएबाई मध्ये चहा ठेवत म्हणाल्या, "मला चिमण्या हव्यात. कापायचं तर काप बाबा."

दाइगोने फ्लॉपींचा डबा उघडला. तामेकिचींच्या रेखीव अक्षरात एकीवर 'चिमण्या' लिहिलं होतं. त्याने विचारलं, "काकू, सगळं या फ्लॉपींमध्येच आहे ना? जुन्या डिस्कवरून काही काढायचं नाही ना?"

बाईंनी अकुत्सुसानकडे पाहिलं. पेढीचा माणूस समोर बसलेला. नवऱ्याने मंजूर नक्षीत हात घातला होता, हे त्याच्यासमोर कसं सांगायचं?

"हो. सगळं त्यातच आहे."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दाइगोने माझा जबडा करवतीने कापला, डिस्क काढली, कार्ड बसवलं. फ्लॉपीवरून पडद्यावर चिमण्या आल्या. "बघा, काय बिघडलं?" तो म्हणाला. अकुत्सुसान तोंड फिरवून उठले. बाई त्यांना पोचवायला दारात गेल्या. पाहुणा कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकून उभं राहायचं, ही आमची रीत. अकुत्सुसान गुडघ्यांनी अधू, सावकाश चालणारे. वळेपर्यंत वेळ लागला.

तेवढ्यात दाइगोने ड्रिल घेतलं. जुनी डिस्क भोक पाडल्याशिवाय टाकायची नाही, ही त्याच्या धंद्याची शिस्त.

बाई घाईने आत आल्या. "अरे, ती जुनी डिस्क जरा राहू दे, तिच्यात तुझ्या काकांचं…"

टेबलावर धातूचा चुरा पडला होता.

दाइगोने ड्रिल खाली ठेवलं. "काकू, मी विचारलं होतं हो."

"विचारलं होतंस," बाई म्हणाल्या. चुरा त्यांनीच गोळा केला.

तुम्ही विचाराल, डिस्क गेली तर तुला हे आठवतं कसं? अरे, आठवण वेगळी आणि ठिपके वेगळे. ती चिमणी जिवंत होती, एवढं मला आठवतं. कोणते ठिपके हलवले ते नाही. बाईंचंही तसंच. आणि जुने ओबी? ते पेढीने कधीच विकले, कुणाच्या कपाटात आहेत देव जाणे.

श्राद्धाला वस्त्र अंथरलं. भिक्षू म्हणाले, सुंदर. नातेवाईक म्हणाले, सुंदर. बाई फोटोसमोर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, मेलीय ती. या वेळी मी मारली."

मित्रांनो, जुनं यंत्र कापावं की जपावं, यावर मोठी माणसं खुशाल भांडोत. मला कापल्याचा राग नाही. जबडा कापला म्हणूनच आज चालतोय, काचेत आंधळा बसलो नाही. राग याचा आहे की दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, माझ्यात काय आहे ते कुणी पाहिलं नाही. जुनं काढण्याआधी त्याची जशीच्या तशी प्रत घ्या. त्यावर काम केलेल्या माणसाला एकटं गाठून विचारा, पाहुण्यांसमोर नव्हे. आणि विचारलं तर खरं सांगा. नाक गेलं तर परत येतं.

आता दाइगो दर रविवारी येतो. बाई सांगतात, "एक ठिपका डावीकडे." तो हलवतो, बाई चार बोटं विणतात आणि आरसा धरतात. दोघं वाकून बघतात. दाइगो विचारतो, "काकू?"

बाई मान हलवतात. नाही.

आणि तो पुढचा ठिपका शोधतो.