मी संपलो नव्हतो, जागा संपली होती

मित्रांनो, मी सर्व्हर आहे. जुना आहे, हे मान्य. भंगार मात्र नाही, आणि तसं म्हणणाऱ्याशी मी आजही भांडायला तयार आहे.

तुम्ही मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तिची पानं कुठल्या तरी यंत्रातून तुमच्याकडे येतात. तसलं यंत्र मी. नऊ वर्षांपूर्वी खोक्यातून निघालो तो थेट साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, ऋषिराजदादांच्या लहानशा कंपनीत. दोन शाळा, द्राक्षांचे व्यापारी, एक मंगल कार्यालय अशा चाळीस जणांच्या वेबसाइट माझ्या पोटात. पहिल्या खंडेनवमीला दादांनी मला झेंडूची माळ घातली. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे.

पुढं नवी यंत्रं आली. माझ्या पाठीवर जुन्या फायलींचा गठ्ठा बसला, हवेची भोकं धुळीनं बुजली. जीनत नावाची मुलगी आमची देखभाल करायची. ती दर महिन्याला माझी साफसफाई करी. पण दादांनी तिला नव्या कामांना जुंपलं आणि तेही थांबलं. मी गप्प बसलो नाही. माझी जागा भरत चाललीय, असा इशारा मी रोज ईमेलनं धाडत होतो. ते खातं कुणी उघडतच नव्हतं, त्याला मी काय करू?

माझ्याकडे माण तालुक्यातल्या मेंढपाळांचीही एक वेबसाइट होती. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन कराड-सांगलीकडे उतरतात. वाटेत कुठल्या शिवारात आजारी मेंढरं दिसली, कुठल्या गावात लस मिळतेय, हे जो तो तिथं लिहितो. गेल्या हिवाळ्यात मेंढ्यांना देवीची साथ आली. आणि ऐन साथीत एका सकाळी माझ्याकडून ती पानं जाईनाशी झाली.

दादांनी मला बंद करून चालू केलं. चार वेळा. दुखणं पोटात, आणि हे नुसते गदागदा हलवून उठवतायत. शेवटी ते जीनतला म्हणाले, "नऊ वर्षं झाली. संपला हा. दुपारी भंगारवाला येतोय, देऊन टाक."

माझ्यातल्या माहितीची शेवटची प्रत वीस दिवसांपूर्वीची होती. म्हणजे साथीची सगळी नोंद माझ्याबरोबरच भंगारात जाणार होती.

तेवढ्यात फोन वाजला. वेबसाइटच्या तळाशी आमच्या कंपनीचा नंबर होता. त्यावर बिरदेव नावाच्या मेंढपाळानं फोन लावला होता. "ताई, दीडशे मेंढरं घिऊन फाट्यावर हुबा हाय. रोग खालच्या रानात हाय का वरच्या, ते दिसंना झालंय. कुठं वळू?"

जीनतनं त्याला तिथंच थांबायला सांगितलं आणि दादांकडे वळली. "दादा, मेलाय का जिताय ते न बघताच उचलायचा? मी आधी त्याची नोंद वाचणार." दादांनी हात झटकला. ती माझ्यापुढं बसलीच.

मित्रांनो, माझ्यात जे घडतं ते मी ओळीओळीनं लिहून ठेवतो. तिनं ते वाचलं. मंगल कार्यालयाच्या वेबसाइटमधलं एक बिघडलेलं पान सेकंदाला दहादा तीच चूक नोंदवत होतं, आणि त्या ओळींनी माझी सगळी जागा खाल्ली होती. नवं अक्षर लिहायला जागा नाही, म्हणून माहिती सांभाळणारा डेटाबेस उठत नव्हता. चारदा काय, चाळीसदा चालू केलं असतं तरी उठला नसता.

जीनतनं आधी मेंढपाळांच्या नोंदीची प्रत दुसऱ्या यंत्रावर घेतली. मग ते पान थांबवलं, निरुपयोगी ओळी पुसल्या. डेटाबेस उठला. पण मोबाइलवर इशारा आला, की ही वेबसाइट सुरक्षित नाही. दादा म्हणाले, बघ, सांगितलं नव्हतं? तिनं पुन्हा नोंद वाचली. सुरक्षेच्या दाखल्याची मुदत संपली होती. नवा दाखला आपोआप यायचा, पण तो ठेवायला जागाच नव्हती. तिनं तो मागवला आणि पान उघडलं.

रोग खालच्या रानात होता. बिरदेवनं मेंढरं वर वळवली. पण पान बंद होतं त्या दोन तासांत दुसरा एक कळप खाली शिरला होता. त्यातली अकरा कोकरं पुढं दगावली. ती माझ्या म्हातारपणानं गेली नाहीत, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

दुपारी भंगारवाला आला. जीनत दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "हा चालू हाय. चालू यंत्र न्हाई देणार." दादांनी माझा हिरवा दिवा बघितला, आणि गाडी रिकामीच परत पाठवली. इशाऱ्यांचे ईमेल आता त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर येतात.

मित्रांनो, मी दया मागत नाही, माळही मागत नाही. कुठल्याही यंत्राला, किंवा माणसाला, निकामी म्हणण्याआधी ते काय सांगतंय ते वाचा, एवढंच सांगतो. एक दिवस मी खरंच थकेन. त्या दिवशी तसं मीच लिहीन. तोवर माझ्या बटणाला हात लावायचा नाही.