निळ्या शर्टांचा कप्पा

रोज एकच कपडे घालण्याचं सुख ज्यांनी घेतलेलं नाही, त्यांना ते सांगून कळायचं नाही. सकाळी उठायचं, कपाटातला वरचा कप्पा उघडायचा, ढिगातला पहिला शर्ट काढायचा. निळा. खाली काळी पँट. आरशात बघायचं कामच नाही, कारण काय दिसणार ते ठाऊक असतं. डोकं चालवावं लागत नाही, आणि माझं डोकं हल्ली चालवण्याच्या लायकीचं नाही.

मी खोटे दात बनवते. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या ठशावर कवळ्या घडवतो. नवा दात शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळवण्यात माझा हात धरणारं तिथे कोणी नाही. पांढऱ्याच्या किती तऱ्हा असतात ते मला विचारा. स्वतःसाठी मात्र एक निळा पुरतो.

मावशी आली की म्हणते, "काय गं, निळ्या कापडाचा तागा लागला का तुला लॉटरीत?" मी हसते. म्हणजे तोंड हसल्यासारखं करते. कवळ्या करणाऱ्या बाईला तेवढं जमतंच.

खरं कारण मावशीला माहीत नाही. मी आणि माझी बहीण जुळ्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. म्हणून लहानपणापासून मला निळं आणि तिला हिरवं. दप्तर, रिबिनी, टूथब्रश, सगळं. घरातली नावंसुद्धा तीच पडली, मी निळी आणि ती हिरवी. "मी काय पालेभाजी आहे?" म्हणून ती कुरकुरायची, पण मोठेपणीही हिरवं सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी हिरवी आजारी पडली आणि आठवड्याभरात गेली.

त्यानंतर महिन्याभराने मी कामावर पिवळा शर्ट घालून गेले. हाताला लागला तो घातला होता, एवढंच. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. मला बघून ती उठली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी दारातच थिजले. निळं नाही म्हणजे हिरवीच, असं तिच्या मनात आलं असणार. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचाही चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ढीगभर निळे शर्ट आणले, सगळे एकसारखे. आईला पुन्हा तसं फसवायचं नाही, एवढं एकच मला तेव्हा ठरवता आलं. बाकी काही वाटतच नव्हतं. रडूही आलं नाही. लोक म्हणाले, पोरगी मोठी धीराची. धीर कसला, बधिर झाले होते. दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं सगळ्या अंगाला. ओठ आहे हे कळतं, पण तो आपला आहे हे कळत नाही.

आई शर्ट धुते, इस्त्री करते, कप्प्यात रचून ठेवते. बोलत नाही. मी घालते. मीही बोलत नाही. असं आमचं व्यवस्थित चाललं होतं.

परवा प्लास्टर कालवायच्या यंत्राचं झाकण नीट बसलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि पातळ प्लास्टर गळ्यापासून पोटापर्यंत आलं. ॲप्रन नेमका धुवायला टाकलेला. मालकीणबाई धावत आल्या. "अगं काढ तो शर्ट, वाळला तर छिन्नी घ्यावी लागेल!" म्हणाल्या, आणि खुंटीवरचा स्वतःचा जादा स्वेटर माझ्या हातात दिला. हिरवा. त्या बिचारीला काय माहीत. हात धुवायला बेसिनपाशी गेले तर आरशात हिरवी उभी. मी नळ उघडा टाकूनच मागे फिरले.

संध्याकाळी आमच्या मजल्यापर्यंत आले आणि पाय पुढे टाकवेना. पिशवीतून निळा शर्ट काढला. तो वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. तरी स्वेटरवरूनच घालायला घेतला. एक हात बाहीत कसाबसा गेला आणि कोपराशी अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. तेवढ्यात दार उघडलं. कचऱ्याचा डबा घेऊन आई बाहेर आली.

"निळे," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"तू मला ओळखलंस?"

"ओळखलं म्हणजे? पोटच्या पोरीला नाही ओळखणार तर कुणाला?"

"हिरवं घातलंय मी, आई."

"दिसतंय की. आंधळी झाले का मी?" तिने डबा खाली ठेवला. "अगं, रंग तुमच्या बाबांसाठी होते, शाळेतल्या बाईंसाठी होते. मला कशाला लागतात? पाळण्यात रडायचात तेव्हासुद्धा मला कळायचं, कोण रडतंय ते."

"मग त्या दिवशी? पिवळा घालून आले होते तेव्हा? तू उठलीस. मला वाटलं, तुला हिरवी आल्यासारखं वाटलं."

आई माझ्याजवळ आली.

"मला वाटलं, माझी पोर जरा सावरली," ती म्हणाली. "निळं नाही नि हिरवं नाही, आपल्या मनाने काहीतरी घालून आली. इतकं बरं वाटलं गं. तर तूच तोंड पाडलंस, आणि दुसऱ्या दिवशी तो ढीग घेऊन आलीस. म्हटलं, हिला त्याचाच आधार वाटतोय तर असू दे. रोज इस्त्री करताना वाटायचं, उद्या तरी दुसरं काही मागेल."

म्हणजे तो उजळलेला चेहरा माझ्यासाठी होता. मला बघून आईला आनंद झाला होता, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून मी दोन वर्षं झटत होते.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तशीच उभी राहिले, अर्धा शर्ट अंगात आणि अर्धा बाहेर. आईने बाही धरून ओढायला सुरुवात केली. प्लास्टर तडकून जिन्यावर पडायला लागलं.

"हात सैल सोड," ती म्हणाली. "दुखतंय का कुठे?"

नेहमीसारखं नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हटलं. "दुखतंय."