मुकीचा भोंगा

आमच्या यार्डात तिला सगळे 'मुकी' म्हणतात. कागदावर तिला लांबलचक नाव आहे, पुढे आकडे आहेत, पण ते घ्यायला कुणाला सवड नाही. मालगाड्यांचे डबे ढकलून रांगा लावायचं नवं इंजिन. अर्धं बॅटरीवर, अर्धं डिझेलवर. चालते ती बॅटरीवर, तेव्हा शिलाई मशीनएवढाही आवाज येत नाही. बॅटरी उतरली की पोटातलं डिझेल आपलं आपणच सुरू होतं, उभ्या जागी घरघरतं आणि बॅटरी भरली की आपलं आपणच बंद होतं. म्हणजे उभी असताना बोंबलणार आणि चालताना गप्प. सगळा उलटा कारभार.

त्याआधी मी एकवीस वर्षं जुन्या डिझेलवर काढली. त्यातली अठरा साडूबरोबर, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर. मी वर इंजिनात, तो खाली रुळांत, डबे जोडायला आणि सोडवायला. यार्डात त्याला कानसेन म्हणतात. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, हा आता ढकलणार, हा थांबणार, हा चहाला उतरणार. नियम असा की इंजिन आणि डबा यांच्यामध्ये शिरण्याआधी त्यानं वॉकीटॉकीवर "थांब, आत चाललोय" म्हणायचं आणि मी "उभा आहे" म्हणायचं. हे आम्ही अठरा वर्षांत अठरा वेळासुद्धा म्हटलं नसेल. मी इंजिन बंद करायचो, आवाज थांबला की तो आत शिरायचा. साडू-साडूंमध्ये कसला आलाय वॉकीटॉकी!

मुकी आली तेव्हा ही रीत मोडायला हवी होती. तिचा आवाज थांबला म्हणजे मी तिला बंद केलं असं नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यालाही प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण कान अठरा वर्षांचे आणि प्रशिक्षण चार दिवसांचं. मी वरून त्याला एकदा बजावू शकलो असतो. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलो.

आता माझं खूळ सांगतो, कारण सगळी माती तिथेच खाल्ली. मी घरी आगगाड्यांची मॉडेलं करतो, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. बायको म्हणते, "दिवसभर मोठं इंजिन पुरत नाही, म्हणून घरात पिल्लं आणून ठेवलीत." आमचं, मी धरून, सहा जणांचं मंडळ आहे. त्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. दात कोरायच्या हत्यारांनी त्या इंजिनाच्या जाळ्या कोरतात, आणि असं काम करतात की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. त्यांना मुकीचं मॉडेल करायचं होतं. मी ऐटीत म्हणालो, "कुंपणापाशी या सगळे, मी दाखवतो." परवानगी वगैरे कुणाला विचारतोय! यार्डात मला कोण विचारत नाही, पण त्या पाच जणांत माझा भाव होता.

ते आले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजून गेले होते. मी मुकीला डब्याजवळ नेत होतो. साडूचा आवाज आला, "ये... अजून थोडं." तेवढ्यात कुंपणापलीकडून डॉक्टरीणबाईंनी हात केला, आणि मी डब्यापासून वीतभर अलीकडे इंजिन उभं केलं. पोटातलं डिझेल घरघरत होतं. बाई ओरडल्या, "अहो, ही तर गप्प असते म्हणालात!" मी खुणेनं सांगितलं, थांबा जरा. मिनिटभरात बॅटरी भरली आणि डिझेल बंद झालं. मला तर हुरूपच आला. खिडकीतून अंगभर बाहेर वाकलो, त्यांच्याकडे तोंड करून हात हलवला, सलामी द्यावी तसा एक भोंगा वाजवला आणि आवाज न करता मुकी वीतभर पुढे सरकवली. कुंपणापाशी टाळ्या पडल्या. मग ते पाचही जण आपल्या गाडीत बसून जेवायला गेले.

साडू ओरडलाच नाही. डब्याच्या पत्र्यावर त्यानं दुसऱ्या हातानं तीनदा बुक्की मारली, तेवढंच. आवाज थांबला, म्हणजे मी बंद केलं, असं धरून तो आत वाकला होता. वाकताना सगळेच धरतात तसा त्यानं डब्याचा बफर, म्हणजे टोकाची धक्का झेलणारी लोखंडी थाळी, धरला होता, डाव्या हातानं. इंजिनाचा बफर त्यावर टेकला. मी मागे घेतलं तोवर दोन बोटं गेली होती.

चौकशीला तीन साहेब बसले. इंजिनातल्या पेटीत सगळं आपोआप नोंदलेलं असतं. अमुक वाजता डिझेल बंद, अमुक वाजता भोंगा, त्यानंतर आठ सेकंदांनी हालचाल. वॉकीटॉकीवर "ये, अजून थोडं" आहे, "थांब" कुठेच नाही. सगळं माझ्या बाजूनं. साडू म्हणाला, "साहेब, तो भोंगा माझ्यासाठी नव्हता. कुंपणापाशी माणसं होती, त्यांच्यासाठी होता."

मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "कोण माणसं?"

मी म्हणालो, "रस्ता आहे साहेब, माणसं असतातच. हालचालीआधी मी भोंगा दिला, पेटीत आहे."

एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला स्वतःची किळस येते. सरळ खोटं बोलायलाही थोडी छाती लागते, माझ्यापाशी तेवढीही नव्हती. साडूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपला मुद्दा सोडून दिला. अहवालात आलं की त्यानं न कळवता आत शिरून निष्काळजीपणा केला. त्याला रुळांतून काढून फाटकावर बसवलं, येणाऱ्या ट्रकांना हात दाखवायला. एका दिवसात कानसेनचा बहिरोबा झाला. यार्डातली पोरंटोरंही म्हणायला लागली, "एवढा मोठा भोंगा ऐकू आला नाही?"

पण त्याहून वाईट ताईंचं. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्याची बायको. दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला असतो. अपघातानंतरही तो रिवाज मोडला नाही. त्या मला आग्रह करकरून वाढायच्या. "घ्या हो भाऊजी. तुम्ही लगेच मागे घेतलंत म्हणून हात तरी राहिला." आणि नवऱ्याकडे वळून, "यांना कधीपासून सांगतेय, कामात लक्ष ठेवा. कानावर भारी भरवसा! भोंगासुद्धा ऐकू येऊ नये माणसाला?" साडू खाली मान घालून जेवायचा. डाव्या हाताला ताट सरकवणं जमायचं नाही, तर ताई ते सरकवायच्या आणि सरकवतानाही दोन शब्द सुनवायच्या. मला घास गिळवत नसे, तरी मी गिळायचो. आठ महिने, दर रविवारी.

एकदा हात धुताना मी त्याला हळूच विचारलं, "ताईंना का नाही सांगत?"

तो म्हणाला, "सांगून काय करू? दोघी बहिणींचं येणं-जाणं तुटेल. तुझं तू बघ." आणि टॉवेल माझ्या हातात देऊन आत गेला. मी माझं काही बघितलं नाही.

मग मंडळाचं प्रदर्शन आलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, दुपारची वेळ. डॉक्टरीणबाईंची मुकी तयार झाली होती आणि तिचं बटण दाबायला पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. मी टाळाटाळ करत होतो, पण बायकोनं परस्पर ताईंना कळवलं. ताई म्हणाल्या, भाऊजींचा मान आहे, आपण जायलाच हवं. साडूला इस्त्रीचा शर्ट घालून त्या घेऊनच आल्या. त्यानं डावा हात खिशात ठेवला होता. आता तो हात नेहमी तिथेच असतो.

टेबलावर कापड झाकलेलं होतं. बाईंनी ते उचललं. मला वाटलं होतं, नुसतं इंजिन असेल. पण बाईंनी त्या दिवशी काढलेल्या फोटोंवरून अख्खी जागाच केली होती. कुंपण, रूळ, रुळांमधली खडी, डबा, आणि डब्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडे उभी मुकी. खिडकीतून बाहेर वाकलेला, हात हलवणारा, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असा मी. चेहऱ्यावर हसूसुद्धा रंगवलं होतं. आणि मुकी आणि डबा यांच्यामध्ये नारिंगी जाकीट घातलेला, वाकलेला, डावा हात बफरवर ठेवलेला एक माणूस.

"हा एका फोटोत सापडला," बाई कौतुकानं सांगत होत्या. त्यांना अपघाताची काहीच खबर नव्हती. आठ महिने मी मंडळात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "आम्हाला कोणाला तेव्हा दिसला नव्हता. भिंगातून पाहिला तर बफर धरून वाकलाय! म्हटलं, काम करणारा माणूस हवाच. हात करायला मला तीन दिवस लागले. पाचही बोटं मोजून घ्या."

ताई टेबलावर वाकून बघत होत्या. "हा हात कुणाला करतोय, ड्रायव्हर?"

"आम्हालाच की! यांनीच तर बोलावलं होतं आम्हाला." बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आधी आमच्यासाठी भोंगा वाजवला, मग आवाज न करता सरकवून दाखवली. दाबा ना बटण, तश्शीच सरकेल. आधी भोंगा, मग हालचाल."

मी बोट बटणावर ठेवलं. एवढंसं लाल बटण, दाबायला ताकद लागणार नव्हती. पण मला दिसत होतं, बफर कुठे जाऊन टेकणार ते. लोक बघत होते, बायको म्हणाली, "दाबा की, लाजताय काय!" लाजच वाटत होती. अशी की कुठे तोंड लपवावं कळेना. मी बोट काढून घेतलं.

ताई सरळ उभ्या राहिल्या. त्या माणसाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खिशाकडे. "हे तुम्ही आहात?"

साडू घाईनं म्हणाला, "अगं, भोंगा झाला होता ना. माझंच..."

"नाही," मी म्हणालो. "ताई, भोंगा यांच्यासाठी वाजवला होता. साडूसाठी नाही. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. शायनिंग मारत होतो. त्यानं चौकशीत खरं सांगितलं, आणि मी त्याला खोटं पाडलं."

मला वाटलं, ताई आता मला चारचौघांत झोडपणार. झोडपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून त्याचा हात बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आठ महिने मी तुम्हाला काय काय बोलले हो. आणि तुम्ही ऐकून घेतलंत." त्यांचे डोळे भरून आले. माझ्या बायकोनं माझ्यापासून एक पाऊल लांब घेतलं आणि ती बहिणीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी तो हात पाहिला, मग आपण केलेला इवलासा हात पाहिला.

मी साडूला म्हणालो, "उद्या सकाळी साहेबांकडे जातो."

"उद्या नको, आत्ता फोन कर," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि माझ्यासाठी करू नकोस. माझ्या जागी आलाय ना, तोही कानावरच चालतो. आवाज थांबला की आत शिरतो. मीच शिकवलंय त्याला. आता फाटकावरून ओरडून सांगतो, तर तो म्हणतो, तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही, आम्हाला येतो. माझं कोण ऐकणार?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आठ महिने तो माणूस माझ्याच इंजिनासमोर वाकत होता आणि मी फक्त माझी लाज कुरवाळत बसलो होतो.

तिथेच फोन लावला. मोठे साहेब घरी होते. मी सगळं सांगितलं, कुंपण, टाळ्या, वीतभर हालचाल. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, साडू आहे, तुम्हाला वाईट वाटतं, मी समजू शकतो. पण नात्यापायी असं खोटं बोलू नका. तुमच्यासारख्या सरळ माणसाला शोभत नाही."

मी परत सांगितलं. त्यांनी परत समजूत घातली. मग मला दुसरं काही सुचेना. मी फोन डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "मी तिथे होते. कुंपणापाशी. माझ्याकडे फोटो आहेत." थोडं थांबून, "नाही साहेब, ते खाली बघतच नव्हते. आमच्याकडे बघून हसत होते." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्यांनी माझ्याकडे एकदा पाहून नजर वळवली. "हो. चांगली ओळखते मी त्यांना. ओळखत होते."