चिठ्ठीत निघालेली जागा

बाळकुमच्या नव्या टॉवरांमधल्या त्या शाळेत शनिवारी सातवीच्या मुलांना जगातली विषमता शिकवायची होती. पुस्तकातून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून सुमेधा मॅडमनी जेवणाचाच खेळ काढला. ज्याने त्याने चिठ्ठी उचलायची. थोड्यांना श्रीमंत देश निघणार, ते टेबलावर पुलाव खाणार. बाकी सगळं जग जमिनीवर, कोऱ्या भातावर. पालकही हौसेने बघायला आले होते.

पुलाव सातवीतल्या सान्वीच्या घरी मालनने केला होता, आणि वाढायलाही तीच आली होती. मालन तिथे स्वयंपाकाला होती, आणि तिची लेक कृतिका मोफत प्रवेशाच्या जागेवर सान्वीच्याच वर्गात शिकत होती. आईच्या हातचा हा पुलाव तिने आजवर उरलेला, गारच खाल्लेला. आज चिठ्ठीत तिला टेबल निघालं. खुर्चीवर बसायचं, वाफाळता पुलाव, आणि वाढणार आई! पोरगी इतकी हरखली की नॅपकिन मांडीवर पसरून तयारच बसली. सान्वीला जमीन निघाली.

सान्वीच्या आई रुचिताताई लगबगीने पुढे आल्या. "मॅडम, सान्वीला खाली बसायची सवय नाहीये हो. कृतिकाशी बदला ना. तिला काय, चालतं."

सुमेधा मॅडम घुटमळल्या. पण रुचिताताई पालक समितीवर होत्या. मॅडमनी मान डोलावली.

"ऊठ गं," मालन हळूच लेकीला म्हणाली. "ताई बोलतायत ना."

कृतिका उठली. राग आला नाही, रडूही आलं नाही; आतून नुसतं बधिर झालं. मालनने सान्वीला पुलाव वाढला, रोज घरी वाढते तसाच. मग वाकून लेकीच्या ताटात एक डाव भात घातला. ताई बघत होत्या, दुसरा डाव घालायची तिची छाती झाली नाही. कृतिकाने भात संपवला. चव काही कळली नाही.

मग काय वाटलं ते सांगायला मुलांमध्ये माईक फिरला. "गरिबांसाठी मला खूप वाईट वाटलं," सान्वी म्हणाली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी मात्र सुमेधा मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माईक मागून घेतला.

"आजचा धडा मीच बिघडवला. ही जागा कृतिकाची होती, मी ती काढून घेऊ दिली. सान्वी, ऊठ बाळा. कृतिका, ये, तुझ्या खुर्चीवर बस."

रुचिताताईंनी मालनकडे पाहिलं. मालनने मान खाली घातली. सान्वी खरंच उठून उभी राहिली.

"नको मॅडम," कृतिका म्हणाली. "माझं जेवून झालं."

आणि ती आईबरोबर उष्टी ताटं उचलायला लागली. तिला कुणी अडवलं नाही.